हजेरीचा भास नको, हजर माणूस द्या

'हजर' हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि मराठीत असा मुरला, की आता त्याचे परकेपण कुणाला जाणवतही नाही. शाळेत हजेरी, कोर्टात हजेरी, कामावर हजेरी, लग्नाला हजेरी. त्याच धातूपासून 'हुजूर' झाला. पुण्यातली मुलींची जुनी शाळा 'हुजूरपागा' म्हणून ओळखली जाते, कारण ती पेशव्यांच्या खाशा पागेच्या जागेवर उभी राहिली. माझ्यासारख्या उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या मास्तराला हा शब्द रोज दोन्ही तासांना भेटतो. उर्दूच्या तासाला मूल म्हणते, 'हाज़िर जनाब'. मराठीच्या तासाला म्हणते, 'हजर सर'. अर्थ एकच: मी इथे आहे, मला विचारा.

त्यातले 'मला विचारा' हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. नुसते दिसणाऱ्याला किंवा ऐकू येणाऱ्याला आपण हजर म्हणत नाही. ज्याला समोर उभे करून जाब विचारता येतो, तो हजर.

गेल्या काही वर्षांत बाजारात एक नवा माल आला आहे. डोळ्यांवर चढवायचा व्हीआर चष्मा, म्हणजे आभासी जग दाखवणारे यंत्र. आणि मान हलवत, डोळे मिचकावत माणसासारखे बोलणारे यंत्रमानव. दोघांचा दावा एकच: समोर कोणी नसले तरी कोणीतरी आहे असे तुम्हाला वाटेल. दावा खोटा नाही. खरेच वाटते. माझे भांडण त्या वाटण्याशी नाही. ते माणसाच्या जागी बसवण्याची जी घाई चालली आहे, तिच्याशी आहे. आणि ही घाई सगळ्यात महाग पडणार आहे ती जिथे माणसे आधीच कमी पोचली तिथे, म्हणजे आमच्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात.

भास तयार कसा होतो?

आधी यंत्राचे श्रेय यंत्राला देऊ या. व्हीआर चष्म्यात दोन डोळ्यांसाठी दोन किंचित वेगळी चित्रे असतात. मेंदू ती जोडतो आणि सपाट पडद्याला खोली येते. तुम्ही मान वळवली की चित्रही त्याच क्षणी वळते. साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला, तर भास फाटतो आणि डोके गरगरते. उशीर झाला नाही, तर मेंदू हार मानतो. मेल स्लेटर नावाच्या संशोधकाने २००९ मध्ये या अनुभवाचे दोन भाग पाडले. एक, 'मी त्या जागी आहे' असे वाटणे. दुसरा, 'इथे घडते आहे ते खरोखर घडते आहे' असे वाटणे. चष्मा घातलेल्या माणसाला खोल खड्ड्याच्या काठावर उभे केले, तर आपण खोलीतल्या फरशीवर उभे आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी पाय थरथरतात, तळहाताला घाम येतो. अक्कल सांगते खड्डा नाही. शरीर ऐकत नाही.

यंत्रमानवाची गोष्ट तर याहून सोपी आहे. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे सरकत होते. पाहणाऱ्यांनी मात्र गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दांडगट आहे, छोटे दोघे घाबरलेत, पळताहेत. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा एक संगणकीय कार्यक्रम तयार केला. तुम्ही टाईप केलेले वाक्य उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडे त्याला फारसे काही येत नव्हते. पण वायझेनबाउम यांच्याच सेक्रेटरी, ज्यांनी तो तयार होताना पाहिला होता, काही वेळ त्याच्याशी बोलल्यावर त्यांनाच म्हणाल्या, की तुम्ही जरा खोलीबाहेर जा. त्या कागदी संवादात त्यांना खासगीपणा हवासा वाटला. हे पाहून वायझेनबाउम हादरले आणि पुढे आयुष्यभर या भासाविरुद्ध लिहीत राहिले.

या सगळ्याचा अर्थ काय? दुसऱ्याची चाहूल लागणे हा आपला स्वभाव आहे. अल्लाहने माणसाला एकट्याने राहण्यासाठी घडवले नाही, म्हणून तो ढगात चेहरा पाहतो आणि त्रिकोणात भाऊबंद शोधतो. यंत्र फक्त काडी लावते; सरपण आपलेच असते. म्हणून 'मुलांना वाटले की शिक्षक समोर आहे' या वाक्यातून आपल्याला मुलांबद्दल कळते. शिक्षक समोर होता की नाही, याबद्दल काहीच कळत नाही.

गंमत पाहा. 'टेलिप्रेझेन्स', म्हणजे दूरवरची उपस्थिती, हा शब्द मार्विन मिन्स्की यांनी १९८० मध्ये रूढ केला. त्यांच्या डोळ्यांसमोर होता अणुभट्टीत, खाणीत किंवा समुद्रतळाशी यंत्राच्या हातांनी काम करणारा माणूस. माणूस दूर होता, पण होता. आज विकले जाते आहे त्यात तो माणूसच काढून टाकला आहे. उरली फक्त उपस्थिती.

दोन अंगणवाड्या

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरजवळच्या वडधामना गावात देशातली पहिली एआय अंगणवाडी सुरू झाली. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. 'मिशन बाल भरारी' असे उपक्रमाचे नाव. स्मार्ट बोर्ड, टॅब आणि व्हीआर चष्मे. मुलांची संख्या वाढल्याच्या बातम्याही आल्या. वाढली असेल, मुलांना नवल आवडते आणि गावातल्या अंगणवाडीवर सरकारने पैसा खर्च केला याचा मला आनंदच आहे. पण अंगणवाडीतले मूल तीन ते सहा वर्षांचे असते. मेटा कंपनी स्वतःच्या व्हीआर चष्म्यासाठी किमान वय १० वर्षे सांगते, सोनी १२ वर्षे सांगते. विकणाराच जिथे 'जपून' म्हणतो, तिथे घेणाऱ्याने थोडा तरी विचार करावा.

दुसरी अंगणवाडी आमच्या जिल्ह्यातली. नर्मदेच्या फुगलेल्या पाण्याकाठी, सरदार सरोवराच्या बुडिताला लागून असलेल्या चिमलखेडीची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आजाराच्या भीतीने पाड्यांवरच्या आया होडीने अंगणवाडीकडे येईनाशा झाल्या. तेव्हा तिथल्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मासेमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हे मारत अलिगाट आणि दादर या पाड्यांवर जायला लागल्या. आठवड्यातून पाच दिवस, रोज सुमारे १८ किलोमीटर. सोबत पोषण आहार आणि वजनकाटा. पंचवीसेक बाळे आणि सात गरोदर बाया, एवढ्यांसाठी. त्यांचे नाव तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आले.

मी या दोन अंगणवाड्या शेजारी ठेवतो, त्या एकमेकींच्या दुष्मन आहेत म्हणून नव्हे. 'हजर' या शब्दाचा अर्थ दुसऱ्या अंगणवाडीत उघड दिसतो म्हणून. वसावेताईंच्या येण्याला किंमत होती. हात दुखत होते, पाण्यात धोका होता, घरचे काम मागे पडत होते. बाळ काट्यावर ठेवले की आकडा कमी आला किंवा जास्त आला. कमी आला तर पुढचे काम त्यांच्याच अंगावर पडत होते. ते बाळ दगावले असते, तर आईने तोंडावर विचारले असते, 'ताई, तू तर आली होतीस ना?' तो प्रश्न ज्याला विचारता येतो, तोच हजर.

चष्म्यातल्या ताईला हा प्रश्न विचारता येत नाही.

हजेरी आणि नायब

आमच्या दीनमध्ये या प्रश्नाचा विचार फार जुना आहे आणि तो मुसलमान नसलेल्या वाचकांनाही उपयोगी पडेल असे मला वाटते.

जमाअतच्या नमाजसाठी इमाम आणि मागे उभे राहणारे एकाच जागी हवेत, सफ सलग हवी, ही अट फिक्हच्या किताबांत शतकांपासून आहे. २०२० मध्ये मशिदी बंद झाल्या, तेव्हा अनेक तरुणांनी विचारले, की टीव्हीवर किंवा मोबाईलवर इमाम दिसतो, आवाज येतो, मग घरूनच त्याच्या मागे जुमा का पढू नये? आपल्या हनफी उलमांनी ते मान्य केले नाही. घरी जोहर पढा, असे सांगितले. तेव्हा काहींना हा हट्ट जुनाट वाटला. मला त्यात मोठे शहाणपण दिसते. एकटे पढा, पण एकटे आहात हे कबूल करून पढा. जमाअत नसताना जमाअतचा देखावा करू नका.

हजच्या बाबतीतही तेच. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सौदी अरबने हजरे अस्वदचे दर्शन व्हीआरमधून घडवण्याचा उपक्रम सुरू केला. लगेच चर्चा पेटली, की आता मेटाव्हर्समध्ये हज होईल का. तुर्कस्तानच्या धार्मिक खात्याने, दियानेतने, २०२२ च्या फेब्रुवारीत खुलासा केला: बघायचे असेल तर बघा, पण त्याला हज म्हणता येणार नाही. बरोबरच आहे. हाजी ज्या शब्दाने सुरुवात करतो तो 'लब्बैक', त्याचा अर्थच मुळी 'मी हजर आहे'. हजचा सगळ्यात मोठा रुक्न आहे अरफातच्या मैदानात जाऊन थांबणे. काही विशेष करायचे नसते. तिथे असायचे असते.

मग ज्याला जाता येत नाही त्याने काय करायचे? इथे आपल्या शरीअतने जो मार्ग काढला, त्याकडे नीट पाहा. म्हातारा किंवा कायमचा आजारी माणूस स्वतः जाऊ शकत नसेल, तर हज्जे बदल आहे: त्याच्या वतीने दुसरा माणूस जातो, स्वतःच्या पायांनी. निकाहला मुलगी किंवा मुलगा मजलिसमध्ये नसेल, तर वकील आहे: त्याचे नाव सांगितले जाते, साक्षीदारांसमोर तो उभा राहतो. दोन्हीकडे तत्त्व एकच. गैरहजेरी लपवायची नाही. ती उघड मान्य करायची आणि तिच्या जागी जबाबदार माणूस नेमायचा. नायब खरा असतो, कारण तो 'मी तो नाही, मी त्याच्या वतीने आलो आहे' असे म्हणतो आणि वचन मोडले तर पकडला जातो.

यंत्र याच्या नेमके उलटे करते. ते गैरहजेरी झाकते आणि जबाबदार कुणालाच नेमत नाही.

'काहीच नसण्यापेक्षा बरे'

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेऊ. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेत एका कंपनीचा माणूस चष्मे घेऊन प्रात्यक्षिक दाखवायला आला होता. मुलांनी समुद्राचा तळ पाहिला, ताजमहाल पाहिला. सातवीतल्या एका पोराने मासा पकडायला हवेत हात घातला, सगळे हसले, तोही हसला. छान चालले होते. मग त्या माणसाने आम्हा शिक्षकांना बाजूला घेऊन सांगितले, 'सर, डोंगरातल्या शाळांना विज्ञानाचा शिक्षक मिळत नाही. हे घेतले की शिक्षक नसला तरी अडणार नाही. काहीच नसण्यापेक्षा बरे की नाही?'

हा युक्तिवाद ऐकायला दयाळू आहे, म्हणून जास्त धोकादायक आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची ८२ च्या वर. जिल्ह्यातले दहापैकी जवळपास सात लोक आदिवासी. २०१८ मध्ये केंद्राने 'आकांक्षित जिल्हा' म्हणून निवडलेल्यांत आपण होतो. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या मास्तरला विचारा: एक शिक्षक, चार इयत्ता, मुलांच्या तोंडी पावरी किंवा भिली, पुस्तकात मराठी. अशा शाळेत एक जागा रिकामी राहिली, तर ती रिकामी खुर्ची रोज बोलत असते. पालक तक्रार करतात, सरपंच पत्र लिहितो, पंचायत समितीत प्रश्न निघतो, वर्तमानपत्रात 'शिक्षक द्या' अशी बातमी येते, कधी शाळेला कुलूप लागते. हे सगळे कशामुळे होते? खुर्ची रिकामी दिसते म्हणून.

त्या खुर्चीवर यंत्र ठेवा. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची गप्प होते. कागदावर 'सोय झाली' असे लिहिले जाते. मागणी संपते, तक्रार संपते आणि माणूस येण्याची शक्यताही संपते. म्हणून काहीच नसण्यापेक्षा भास बरा, हे मला मान्य नाही. 'काहीच नाही' निदान खरे तरी बोलते.

माझी भीती हवेतली नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची एक समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात साडेचौदा हजारांहून जास्त. नमुना म्हणून ज्या दोन ठिकाणांची नावे घेतली गेली, त्यांत पुणे जिल्ह्यातले पानशेत होते आणि आमचे तोरणमाळ होते. समूहशाळा चांगली की वाईट, हा वेगळा वाद. तोरणमाळला निदान खरे शिक्षक खऱ्या मुलांसमोर उभे राहतात. पण वीसपेक्षा कमी मुले म्हणजे 'परवडत नाहीत', हा हिशेब एकदा रुजला की पुढची पायरी सोपी आहे. मुलांना हलवणे महाग, शिक्षकाला पाठवणे महाग. मग चष्मा पाठवा. तो बदली मागत नाही, पावसाळ्यात अडकत नाही, पगारवाढ मागत नाही.

आणि कुणाला पाठवला जाईल? मुंबई-पुण्याच्या मोठ्या शाळांत व्हीआरची प्रयोगशाळा असेल, शिवाय विषयाला एकेक शिक्षक असेल. तिथे यंत्र वरचे खेळणे आहे. डोंगरात तेच यंत्र शिक्षकाच्या जागी येईल. ज्यांच्याकडे माणसे भरपूर आहेत, त्यांना माणूस अधिक यंत्र; ज्यांच्याकडे कमी, त्यांना माणूस वजा यंत्र. याला प्रगती म्हणायचे असेल, तर ती कुणाच्या ताटातून काढून कुणाला वाढली हेही सांगा.

भासाची दोरी कुणाच्या हातात?

दुसरी गोष्ट. उपस्थितीचा भास विकत घेता येतो, म्हणजे तो कुणालाही वापरता येतो. 'डिजिटल अरेस्ट'ची फसवणूक आता खेड्यापर्यंत माहीत झाली आहे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, कधी न्यायाधीशाची खुर्ची. शिकलेली माणसे तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसून राहिली आणि आयुष्याची पुंजी देऊन मोकळी झाली. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना यावर बोलावे लागले. दाराला कडी कुणी घातली नव्हती. 'साहेब समोर आहेत' एवढे वाटणेच पुरे झाले.

१६ एप्रिल २०२५ रोजी नाशिकच्या एका पक्षमेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांचा आवाज एआयने तयार करून ऐकवला गेला. ते २०१२ मध्ये वारले. राजकारण बाजूला ठेवा. सगळेच पक्ष उद्या हे करतील. प्रश्न असा आहे, की जो माणूस 'मी असे म्हणालो नाही' असे सांगायला उठू शकत नाही, त्याच्या तोंडी आजचे वाक्य घालण्याचा हक्क कुणाला आहे? दक्षिण कोरियात २०२० मध्ये एका टीव्ही वाहिनीने मेलेल्या मुलीला व्हीआरमध्ये उभे केले आणि तिच्या आईची भेट घडवली. ती आई रडली. कोण रडणार नाही? आपण कब्रस्तानात जातो, सलाम करतो, दुआ करतो आणि परत येतो. मय्यताकडून उत्तर वदवून घेत नाही. त्या न येणाऱ्या उत्तरातच जाणाऱ्याची इज्जत असते.

मग यंत्र नकोच का?

हवे. मी मोबाईल फेकून द्या म्हणणारा मास्तर नाही. भाजलेल्या रुग्णांच्या पट्ट्या बदलताना व्हीआरमधले बर्फाचे जग दाखवले, तर वेदना कमी जाणवतात, हे अमेरिकेत वर्षानुवर्षे तपासले गेले आहे. पण तिथे पट्टी बदलणारी नर्स बाजूलाच असते. आखाती देशात राबणारा बाप रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मुलीचा सबक ऐकतो, त्याला मी हजर म्हणतो, कारण पलीकडे खरा बाप आहे, तो थकलेला आहे आणि त्याने झोप मोडून फोन लावला आहे. मुंबईत आयआयटीच्या परिसरातल्या केंद्रीय विद्यालयातले संगणक शिक्षक दिनेश पटेल यांनी टाकाऊ वस्तूंपासून 'शालू' नावाची यंत्रमानव मुलगी बनवली. २०२१ मध्ये तिची बातमी झाली. मराठीसह ९ भारतीय भाषा तिला येतात असे सांगितले गेले. (पावरी त्यात नाही, पण ते असो.) मला त्या बातमीत शालूपेक्षा मास्तर आवडला. पुठ्ठा, प्लास्टिक, लाकूड जमवून, तीनेक वर्षे खपून आपल्या मुलांसमोर काहीतरी घडवून दाखवणारा शिक्षक! त्या वर्गात शिकवणारा कोण होता, याबद्दल शंकाच नाही.

म्हणून माझी फूटपट्टी साधी आहे. यंत्र आले की तीन प्रश्न विचारा. पलीकडे कुणी माणूस आहे का? उद्या चुकले तर त्याला नावाने शोधता येईल का? आणि हे आल्यामुळे आधीचा माणूस जाणार आहे का? पहिल्या दोनांचे उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचे 'नाही' असेल, तर खुशाल घ्या.

आपल्यांना दोन शब्द

हे सरकारलाच सुनावून मी थांबणार नाही. आपल्या समाजातही ही हवा शिरली आहे. आजचे पोर मसला विचारायला इमामसाहेबांकडे जात नाही, मोबाईलमधल्या चॅटबॉटला विचारते. तो क्षणात उत्तर देतो, अदबीने देतो, 'वल्लाहु आलम'ही जोडतो. पण मुफ्तीसाहेब उत्तराआधी उलट विचारतात: बेटा, घरी काय झाले? बायको कुठे आहे? रागात बोललास का? आणि चुकीचा फतवा दिला, तर आखिरतमध्ये जाब त्यांना द्यायचा आहे, ही भीती त्यांच्या मानेवर असते. चॅटबॉटच्या मानेवर काय आहे? मानच नाही.

गावोगावच्या मशीद कमिट्यांना हात जोडून विचारतो. मोठा पडदा, महागडे स्पीकर, मकतबला टॅब, यांच्यासाठी चंदा पटकन जमतो. मकतबमध्ये शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांचा पगार वाढवायची गोष्ट निघाली, की सगळे घड्याळ का बघतात? वस्तूवर दात्याच्या नावाची पाटी लागते, माणसाच्या पगारावर लागत नाही, एवढेच ना कारण? जो समाज स्वतःच्या हजर माणसाला पोटापुरते देत नाही, त्याला सरकारकडे माणूस मागण्याचा हक्क कसा उरेल?

आणि पालकहो, मग ते आदिवासी असोत, गुजर-पाटील असोत की मुसलमान, एक हत्यार तुमच्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती नेमायला लावली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असे लिहिले आहे. शिक्षक लिहिले आहे. शिक्षकाचा भास लिहिलेला नाही. उद्या शाळेत चष्मे आले, टॅब आले, बोलणारा यंत्रमानव आला, तर स्वागत करा, मुलांना खेळू द्या. मात्र त्याच बैठकीत ठराव लिहून घ्या: या वस्तूंमुळे शिक्षकाची एकही जागा भरली असे धरले जाणार नाही, रिकामी जागा रिकामीच नोंदवली जाईल आणि ती भरण्याची मागणी दर महिन्याला लेखी जाईल. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, एक जिल्हा परिषदेत, एक आपल्याजवळ.

सही-अंगठे सगळ्यांचे घ्या. आणि ते घ्यायला घरोघर स्वतः जा, व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.